पडद्यांचा मुक्काम

निलम्मानं उभी हयात नाटक कंपनीत पडदे ओढले. टाळ्या नटांना पडायच्या. पण बगीच्याचं स्मशान आणि स्मशानाचा दरबार होताना दोरीवर हात असायचा तो तिचा. कंपनी मोडली तेव्हा मालकानं विचारलं, "तुला काय देऊ?" तिनं पडदे मागितले.

आता होळीनंतर कलबुर्गीची जत्रा आली की मादन हिप्परग्याहून ती टेम्पोत पडदे घालून निघते. मोकळ्या मैदानात बांबू रोवायचे, वर ताडपत्री, चारी अंगांना पडदे. झाला खेड्यातल्या बायकांचा रातचा मुक्काम. एकीकडं दरबार, एकीकडं अरण्य. असा महाल शहरात कुठल्या लॉजवाल्यानं बांधलाय?

यंदा रस्त्याकडचा पडदा उंदरांनी खाल्ला होता, म्हणून तिथं तिनं कैलासाचा लावला. दिवेलागणीला मेहकरच्या मल्लेश्वरीअक्का आपल्या बायकांसह आत आल्या. समोर महादेव दिसताच त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि बोचकी पुन्हा डोक्यावर घेतली.

"कामून निघालाव, अक्का?"

"म्हादेवाकडं पाय करून झोपू व्हय?"

"पाय अरण्याकडं करा की."

"झोपेत कोण कुणीकडं वळंल, काय भरवसा? त्यापरीस बस स्टँड बरं."

बांबू बांधणारा अंकुशराव हसला. "काढून टाक की गं तो पडदा."

"आन् बायकांना रस्त्याच्या तोंडाला उघड्यावर झोपवू? शाणा हाईस."

बायका दारापर्यंत पोचल्या होत्या. निलम्मानं एकदा महादेवाकडं पाहिलं, एकदा वरच्या ताडपत्रीकडं.

"अंकुशराव, ताडपत्री खाली घे. रस्त्याकडं बांध. म्हादेव वर जायलाय."

"छत करायलीस व्हय त्याचं?"

"कैलास वरच असतंय. माझंच चुकलं."

पडदा एका अंगानं वर गेला की फाटतो. तिनं दोन्ही दोऱ्या आपल्याच हातात घेतल्या आणि सत्तरीच्या त्या बाईनं अख्खा कैलास असा अलगद वर नेला की एक सुरकुती पडली नाही. डोक्यावरची बोचकी हातानं धरून बायका माना वर करून बघत राहिल्या.

"आता करा पाय कुणीकडंबी," ती म्हणाली. अंकुशरावनं दोऱ्या बांबूंना बांधल्या, तरी एकीचं टोक तिनं हातातच धरलं होतं.

मल्लेश्वरीअक्का आडव्या झाल्या. बराच वेळ वर बघितलं, मग सरकून शेजारी जागा केली.

"निलम्मा, सोड ती दोरी. पाठ टेक हितं."