वाशिष्ठीचा धडा
परवा एका दुकानात कापडी नकाशाच्या रोगणाचा वास आला आणि परळच्या शाळेत मी शिक्षिका होते तेव्हाचा एक दिवस आठवला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. हरताळामुळे गिरण्यांचे भोंगे गप्प होते आणि माझ्या चौथीच्या वर्गात एकच मुलगी आली होती. तिचे वडील मोर्चाला गेलेले, खोलीला कुलूप. तिला घरी तरी कुठं पाठवणार? म्हणून भिंतीवर नकाशा लावून मी ठरलेला धडा तिला एकटीलाच शिकवायला घेतला. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणवरून दाभोळला समुद्राला मिळते, पूर्वी तिथं अरबस्तानातून घोडे उतरत, असं मी सांगत होते. ती उठली आणि नदीच्या मुखावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हितं आमची होडी उलटली. आय गावलीच नाय." लांबून घोषणा ऐकू येत होत्या. "पन भरतीला पानी माघारी येतं ना, बाई?" "येतं," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. दुपारी वडील न्यायला आले तेव्हा तिनं विचारलं, "उद्या शाळा हाय ना?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशीही हरताळ होता, तरी मी गेले. ती पायरीवर बसली होती. तेव्हा या शहरात माझं कुणी नव्हतं, आणि ती यावी असं वाटेवर मलाच फार वाटत होतं, हे आज पहिल्यांदा कबूल करते आहे.