माल सेकंड आहे

पुस्तक हातात दिलं की आप्पा ते लगेच वाचायला घ्यायचे नाहीत. आधी ट्यूबलाइटखाली धरायचे, मग मधलंच एखादं पान उघडून त्यावरून सपाट तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, “बघू, माल काय आहे ते.”

दोन आठवड्यांनी पुस्तक परत आणताना निकाल ठरलेला असायचा. “माल सेकंड आहे, म्याडम.”

सुरतेत राहणाऱ्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. कापडाच्या मिलमध्ये बिनडागाचा माल म्हणजे फ्रेश, डाग असलेला तो सेकंड, आणि त्याहूनही वाया गेलेला ती चिंधी. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये आप्पांनी चौतीस वर्षं फोल्डिंग खात्यात चेकिंग केलं. टेबलावरून कापड सरकत राहायचं. जिथे डाग, जिथे धागा तुटलेला, जिथे छपाई सरकलेली, तिथे किनारीला लाल दोऱ्याचा तुकडा बांधायचा, एवढंच काम. आप्पा निवृत्त झाले, तरी सवय काही निवृत्त झाली नाही.

सुरतेतल्याच डिंडोलीत समाजाच्या हॉलमागे एक खोली आहे, तिला आम्ही मराठी वाचनालय म्हणतो. चार कपाटं, एक पंखा आणि संध्याकाळी पाच ते आठ मी. आप्पांनी परत केलेलं पुस्तक उघडलं की पानापानांतून लाल दोऱ्याचे तुकडे टेबलावर पडायचे. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीत नायकाचा घोडा लढाईला निघताना पांढरा होता आणि पोचला तेव्हा काळा. तिथे दोरा. एका कथेत बाईनं सकाळी गव्हाचं पीठ भिजवलं आणि दुपारी भाकरी थापली. तिथे दोन दोरे. मी वैतागून एकदा सांगितलं, आप्पा, हे दोरे वेचता वेचता माझी पाठ मोडते, जरा बंद करा. त्यांना त्याचं मनापासून नवल वाटलं. “डाग दाखवायचा नाही, तर चेकर ठेवायचाच कशाला?” मी म्हटलं, तुम्हाला इथे चेकर ठेवलाय कुणी? त्यावर ते हसले, पण दोरे चालूच.

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. जेवायला बोलावलं तर आधी मिठाबद्दल बोलतात. लांबून बघायला फार छान वाटतात. तुमचा पदार्थ त्यांच्या ताटात पडेपर्यंत.

माझा पडला. ते आधी सांगायला हवं.

मी एक कादंबरी लिहिली होती. टोपणनावानं. घरात फक्त नवऱ्याला माहीत, आणि तोही हजिऱ्याच्या कारखान्यातल्या शिफ्टमधून आल्यावर झोपेत हो हो म्हणणारा. कादंबरी काय, तर दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिका, पश्चिमेकडचा ओसाड मुलूख, गुरं राखणारा एक तिरसट माणूस आणि पत्रावर पत्रं लिहून लग्न ठरल्यावर त्याच्याकडे एकटी आलेली मुलगी. हसू नका. इंग्रजीत असल्या पुस्तकांचे ढीग असतात, रद्दीवाल्याकडून आणून मी ते वर्षानुवर्षं चोरून वाचलेत. घोडा मी जवळून पाहिलाय तो फक्त वरातीत. तरीही तीनशे पानं लिहिली, पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकानं ती छापली, आणि आलेल्या प्रतींपैकी एक मी स्वतःच्या हातानं वाचनालयात दाखल करून समोरच्या फळीवर दर्शनी लावली.

आमच्याकडे एक अभिप्राय वही आहे. दोरीला बांधलेलं पेन आहे. त्या पेनानं माझी जी सालं काढली, ती आठवली की अजून कान तापतात.

पहिला अभिप्राय गुरुजींचा. हे निवृत्त शिक्षक, वाचनालयाचे अध्यक्ष, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं, गुराख्याशीच लग्न करायचं होतं तर त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचं प्रयोजन कळत नाही. मी काउबॉयला हौसेनं गुराखी केलं होतं, हे माझंच कर्म. पुढच्या बाईंनी लिहिलं, नायिका शंभर पानं काही शिजवत नाही, ही माणसं जगतात कशावर? कुणी लिहिलं, नायक दर तिसऱ्या पानावर क्षितिजाकडे बघतो, त्याला दुसरा उद्योग नाही का? कुणी नुसतंच ‘वेळ वाया’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. आणि जवळजवळ सगळ्यांची एक तक्रार सारखी होती. मुलगी गाडीतून उतरते, न्यायला कुणी आलेलं नसतं, आणि ती स्टेशनावर आपल्या पेटीवर बसून राहते. साठ पानं बसून राहते. काहीही घडत नाही. ‘लेखिकेला झोप लागली असावी,’ असं एकानं लिहिलं.

हे सगळं मला टेबलामागे बसून ऐकावंही लागायचं. लोक पुस्तक आपटून म्हणायचे, काय हो असली पुस्तकं घेता, आणि मी म्हणायचे, हो ना, कोण लिहितं कुणास ठाऊक. एका संध्याकाळी अगदीच राहवलं नाही, तेव्हा डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात, मीच वहीत लिहिलं, ‘फार सुंदर कादंबरी. डोळे पाणावले.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली गुरुजींचे मोती. ‘वरील अभिप्राय लेखिकेच्या नातेवाइकाचा दिसतो.’

तेव्हा दुसरी कादंबरी निम्मी लिहून झाली होती. ती मी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकली. पुरे झाली हौस, असं स्वतःला सांगितलं.

मग गुरुजींनी महिन्याच्या बैठकीत विषयच ठेवला. हे पुस्तक वाचनालयात असावं की काढावं? पंधरा-सोळा जण जमले. चहा मीच केला. एकामागून एक सगळे उठले आणि मनसोक्त बोलले, माझ्या चहाचे घोट घेत घेत. गुरुजी समारोप करणार, एवढ्यात मागच्या बाकावरून आप्पा उभे राहिले. पुस्तक त्यांनी तिथेच चाळलं होतं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी एक वाक्य मोठ्यानं वाचलं. दुकानदारानं निळ्या कापडाचा ताका काउंटरवर उलगडला.

“तागा नाही, ताका,” आप्पा म्हणाले. “पुण्याचा माणूस तागा लिहील. आपल्या जळगाव-धुळ्याकडचाही तागाच लिहील. ताका आपण म्हणतो, हितं. ही बाई सुरतेची आहे.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. तीनशे पानं लिहिताना मी अमेरिकेतल्या झाडांची नावं तपासली, बंदुकांची नावं तपासली. ताका तपासायचं मला सुचलंच नव्हतं, कारण तो चुकीचा आहे हेच माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं कापडाच्या गावात राहून जिभेवर जे बसतं ते आपलंच वाटतं. माझ्या हातातला ट्रे वाजायला लागला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. मला दिसलं, कळलेलं.

गुरुजींनी विचारलं, कोण बाई? आप्पा म्हणाले, ते मला काय माहीत. मग म्हणाले, माल सेकंड आहे यात वाद नाही, पण अजून पूर्ण चेकिंग झालेलं नाही, ते झाल्याशिवाय काढता येणार नाही, आणि तोवर पुस्तक माझ्या नावावर लिहा. गुरुजी चरफडले, पण बैठक मोडली.

सगळे गेल्यावर आप्पा टेबलाशी आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, “दुसरं लिहायला घेतलंय का? त्यात ताका सुधारा.”

बस, एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन महिन्यांच्या वहीतल्या शिव्या, चहाचे सोळा कप आणि वर हा सल्ला. मी म्हटलं, “आप्पा, चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कापडातले डाग काढलेत. स्वतः कधी वीतभर तरी विणलंत का?”

आप्पांनी पुस्तक पिशवीत घातलं. पिशवीचे बंद नीट ओढले आणि गेले. त्या दिवशी तळहात फिरवला नाही, हे मला ते गेल्यावर आठवलं.

त्यानंतर आप्पा आले नाहीत. दोन आठवडे झाले, चार झाले. मी म्हटलं, रुसलेत, रुसू दे. म्हातारा स्वतः सगळ्यांना बोलतो आणि एक शब्द सोसत नाही. सहा आठवडे झाले तरी फोन केला नाही. कारण फोन केला असता तर माफी मागावी लागली असती, आणि ती मला मागायची नव्हती. हे आता लिहायला सोपं आहे.

मग एका संध्याकाळी एक बाई दारात उभी राहिली. हातात आप्पांची पिशवी. ती त्यांची सून होती. “हाई पुस्तक तुमनं शे ना, ताई?” घरातली अहिराणी तिच्या तोंडून तशीच आली, मग ती सावरून मराठीत बोलायला लागली. आप्पांना जाऊन बारा दिवस झाले होते. बैठकीच्या आठवड्यातच छातीत दुखायला लागलं होतं, नंतर घराबाहेर पडलेच नाहीत. पुस्तक मात्र उशाशी होतं. नजर थकली तेव्हा सुनेकडून वाचून घ्यायचे आणि दोरे तिच्या हातानं ठेवायला लावायचे. जाण्याआधी बजावून ठेवलं होतं, पुस्तक म्याडमच्याच हातात द्यायचं, आणि दोरा काढायचा नाही.

मी पुस्तक उघडलं. लाल दोरेच दोरे. मी पाणी प्यायले. पहिल्याच पानावर दोरा, गुराखी शब्दाला दोरा, क्षितिजाकडे बघणाऱ्या नायकाला प्रत्येक वेळी दोरा. ताक्याला तर गाठ मारलेला दोरा. मेलेल्या माणसाचा राग येतो का हो? मला आला.

एकशेबारा पानाशी दोरे थांबले. मला वाटलं, इथपर्यंतच वाचून झालं असेल, पुढे त्यांना बरं नसेल. म्हणून भराभरा पानं उलटली, तर एकशेबहात्तरपासून दोरे पुन्हा सुरू, शेवटच्या पानापर्यंत. मधल्या साठ पानांत एकही नाही. मी सुनेला विचारलं, ही पानं सोडली का? ती म्हणाली, नाही, ही तर तीन वेळा वाचायला लावली. ते स्टेशनवालं परत वाच, म्हणायचे.

स्टेशनवालं. पेटीवर बसलेली मुलगी. ज्यात काही घडत नाही, ते.

ती पानं अमेरिकेतली नाहीत, हे तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. लग्नानंतर मी पॅसेंजरनं एकटी सुरतेजवळच्या उधना स्टेशनावर उतरले तेव्हा नवऱ्याची शिफ्ट सुटली नव्हती. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मी पेटीवर बसून होते. पेटी कुणी नेईल म्हणून पाण्याच्या नळापर्यंतही उठले नाही. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे बघायचे आणि हा तर नसेल ना, असं वाटायचं, कारण नवऱ्याचा चेहरा नीटसा आठवतही नव्हता. त्या मुलीला मी फक्त टोपी घातली होती.

सून म्हणाली, आमच्या सासूबाई अशाच आल्या होत्या, हे आप्पांनीच या आजारपणात सांगितलं. आप्पांना डबल ड्यूटी लागली, ते दिवसभर स्टेशनावर गेलेच नाहीत. सासूबाई त्याबद्दल जन्मात एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि आप्पांनीही कधी विचारलं नाही. त्या जाऊन नऊ वर्षं झाली. तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, “आता समजलं, ती दिवसभर काय करत होती.”

एकशेबारा पानावर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं. अक्षर थरथरतं. ‘येथून फ्रेश.’ आणि एकशेएकाहत्तरच्या तळाशी, ‘येथपर्यंत.’

सून गेल्यावर मी वाचनालय लवकर बंद केलं. दार लावून घेतलं आणि हुंदके देऊन रडले. ज्या माणसाला मी विचारलं होतं, वीतभर तरी विणलंत का, त्यानं आयुष्यातलं शेवटचं चेकिंग माझ्या मालाचं केलं होतं, आणि जिथे डाग नव्हता तिथे तसं लिहून ठेवलं होतं.

माळ्यावरची साडी मी दुसऱ्या दिवशी खाली काढली. ती कादंबरी झाली, गेल्या वर्षी छापूनही आली. तिच्यात गुराखी नाही, क्षितिज नाही, अमेरिकाही नाही. उधना आहे, आणि मुखपृष्ठावर माझं खरं नाव. प्रकाशकानं मुद्रितात ‘ताका’ खोडून ‘तागा’ केलं होतं, मी परत ‘ताका’ केलं. त्यानं पुन्हा खोडलं, मी पुन्हा केलं. शेवटी फोन करून तो म्हणाला, अहो, ही चूक आहे. मी म्हटलं, माहीत आहे, दाखवणाऱ्यानं दाखवली आहे.

अभिप्राय वहीत पहिला शेरा गुरुजींचाच आहे. ‘पहिल्यापेक्षा बरी, परंतु कंटाळवाणी.’ खाली आणखी सहा-सात आहेत, सगळे तसलेच. मी ते वाचते आणि पान उलटते. संध्याकाळी कुणी पुस्तक परत आणलं की ते उघडून टेबलावर अलगद झटकून बघते. अजून काही पडलेलं नाही.