साडेदहाच्या आत कम्पाइल

चंद्रमौळीची नोकरी कायम होणार की जाणार, हे शुक्रवारी संध्याकाळी ठरायचं होतं. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याचे मॅनेजर पेरुंगुडीच्या ऑफिसात येणार होते, आणि त्यांच्या स्टॉकची जुनी फाइल नव्या मशीनवर उघडून दाखवायची होती. ती उघडणारा प्रोग्रॅम पर्ल भाषेत होता, म्हणून आधी पर्लचा इंटरप्रिटर, म्हणजे असे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम, त्या मशीनवर मूळ कोडपासून कम्पाइल करायला हवा होता.

कम्पाइलच्या आधी मशीन प्रश्न विचारतं: कुठे ठेवू, कोणती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जोडू. प्रत्येक प्रश्नापुढे कोष्ठकात मशीननेच सुचवलेलं एक उत्तर असतं. नुसतं एंटर दाबलं की ते पक्कं. वाचून दाबावं अशी अपेक्षा असते. पण साहेब होते कृष्णस्वामीराव, चंद्रमौळीच्या आईचे तंजावरचे चुलतभाऊ, म्हणजे त्याचे मामा. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याच्या आत आरंभ झालाच पाहिजे, असा त्यांचा हुकूम. शुक्रवारी मशीन आलं तेच दहा वाजून गेल्यावर. चंद्रमौळी न वाचता एंटर दाबत सुटला. वेळ साधली, जुन्या फाइली वाचणारी लायब्ररी तेवढी जोडायची राहिली.

जेवणानंतर फाइल उघडेना. सगळं पुसून नव्याने करतो, असं त्याने साहेबांना विनवून पाहिलं. चांगल्या वेळी केलेला आरंभ पुसायचा नसतो, असं उत्तर मिळालं. तेव्हा काही न पुसता तिथेच दुसरी फेरी सुरू झाली. मशीनने आधी विचारलं, सकाळची उत्तरं धरू का? मामा मागून होकाराची मान हलवत होते. चंद्रमौळीने एंटर दाबलं. लायब्ररीचं नाव त्याने या वेळी घातलं, पण ती वापरायची का, याचं सकाळचं ‘नाही’ आत तसंच राहिलं. मशीन फार आज्ञाधारक असतं.

चार वाजता याही वेळी फाइल उघडली नाही. मग त्याने कोणालाही न विचारता सगळं पुसलं आणि तिसऱ्यांदा प्रश्न वाचायला बसला. एकेक ओळ, बोट ठेवून. संध्याकाळी मॅनेजर आले, पडद्याकडे बघत कॉफी प्यायले.

“तयार आहे का?”

“नाही, सर. आता बरोबर होतंय.”

मॅनेजरांनी कप ठेवला आणि ते गेले. कृष्णस्वामीराव त्यांना गाडीपर्यंत सोडून आले.

“सोमवारपासून येऊ नको, डा,” घरातलं तमिळ ‘रे’ लावत ते म्हणाले. “अक्काला मी सांगतो.”

“आईला मीच सांगतो, मामा.”

ऑफिसात त्यांना सर म्हणायचं असा नियम होता. आज ‘मामा’ कोणी सुधारलं नाही.

पडद्यावर पुढचा प्रश्न आला होता: या मशीनवरच्या पर्लची देखभाल कोण करणार? कोष्ठकात चंद्रमौळीचं नाव. ऑफिसात पर्ल कळणारं दुसरं कोणी नव्हतं. एंटरवरचं बोट उचलून तो दुसरं नाव आठवत बसला.