साबणावरचा पत्ता

आईचा साबण जालन्याच्या मस्तगड भागातल्या एका दुकानात खपायचा, आणि तो कुणाच्या हातचा आहे हे दुकानदारकाकांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या जिवाला लागलेला घोर तिथूनच सुरू झाला. आम्ही बौद्ध. दीक्षेला वीसेक वर्षं उलटली होती, तरी जालन्यात वस्तीचं नाव सांगितलं की समोरचा माणूस जरासा थांबायचा आणि मगच पुढचं बोलायचा. त्या थांबण्याचा मला भयंकर राग यायचा. भीती तर त्याहून जास्त वाटायची.

साबण कपड्यांचा. सरकीचं तेल आणि सोडा. आई मागच्या पत्र्याखाली लाकडी दांड्यानं ते घोटायची, पेटीत ओतायची, दोन दिवसांनी तारेनं वड्या कापायची आणि वडी ओली असतानाच तिच्यावर अंगठा दाबायची. कारण काही नाही, सवय. गिऱ्हाइकं दुकानात ‘अंगठ्याचा साबण द्या’ म्हणून मागत. त्यांतल्याच काही बाया, आईनं कधी त्यांच्या दारात पाणी मागितलं तर तांब्या उंच धरून वरून ओतायच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे, हंगाम सरला की घरी बसून. मग घर साबणावर चालायचं आणि माझं कॉलेजही.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं ती. काकांनी कंपनीच्या साबणासारख्या आमच्या वड्याही कागदात बांधून विकायला घेतल्या होत्या. एक दिवस वजनमापाचे साहेब दुकानात आले आणि सांगून गेले की बांधलेल्या मालावर सगळं छापलेलं पाहिजे. काय माल आहे, निव्वळ वजन किती, किंमत किती, कुठल्या महिन्यात केला, आणि करणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता. नसेल तर माल जप्त, वर खटला. काकांना त्यांनी नियमांचा छापील कागद दिला आणि लेबलं लागली की येऊन बघतो म्हणाले.

काकांनी मला एकटीला बाजूला घेतलं. ‘‘पोरी, पत्ता टाकला तर अर्ध्या बाया माल घेणार न्हाईत. न्हाई टाकला तर साहेब मला सोडणार न्हाई. तूच बघ आता.’’

तसा फार भला माणूस. म्हणूनच त्याचा मला अजून संताप येतो. अठरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात सगळं घातलं आणि स्वतः तराजू पुसत बसला.

घरी येऊन मी तो कागद आईला वाचून दाखवला. वजनाचं तिला लगेच कळलं. ओल्या वडीचं वजन छापलं तर वाळल्यावर ते कमी भरणार, म्हणून पूर्ण वाळवूनच जोखायचं, असं तिनंच ठरवलं. नावाचं कलम मात्र तिनं दोनदा वाचायला लावलं.

‘‘म्हंजी सरकारच म्हणून राह्यलं का, माझं नाव टाक म्हणून?’’

मी हो म्हटलं. ती हसायलाच लागली. तिचं नाव आजवर कुठंच छापलेलं नव्हतं. वडिलांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, जणू पोरीचं लग्न ठरलंय.

प्रेसमध्ये मी गेले तेव्हा चिठ्ठीवर आईचं नाव, आमच्या वस्तीचं नाव, सगळं बराबर लिहिलेलं होतं. आधी एक गिऱ्हाईक होतं, म्हणून मी बाकावर बसले. बसले तिथंच घात झाला. मालाची परत आलेली खोकी डोळ्यांपुढं दिसायला लागली, कॉलेज सुटलेलं दिसायला लागलं. मी चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. एका पुरुषाचं नाव, ऐकून कुणी थांबणार नाही असं आडनाव, पत्ता मस्तगडचा. असा माणूस जगात नव्हता. चिठ्ठीवर एका ठिकाणी शाई फुटली होती, प्रेसवाल्यानं तेवढं एक अक्षर विचारून घेतलं.

लेबलं आली. आईनं खळ शिजवली, पाटावर लेबलं मांडली आणि विचारलं, ‘‘ह्याच्यात माझं नाव कुठंय?’’

मी तिचं बोट धरलं आणि त्या माणसाच्या नावावर ठेवलं. ‘‘हे बघ, इथं.’’

काय सांगू तुम्हाला. प्रत्येक लेबल चिकटवलं की ती नेमकी तेवढी जागा पदरानं हलकेच दाबून घ्यायची. मी शेजारी बसून वजनाचे आकडे बघत राहिले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. त्यानंतर मला जेवण गोड लागलं नाही. साहेब कधी येतील, काका बोलतील का, कुणी शेजारीण वाचेल का! काकांनी लेबल वाचलं होतं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि गुपचूप वड्या फळीवर लावल्या. माल खपला, आग लागो त्या खपण्याला.

साहेब आले तेव्हा नेमक्या मी आणि आई माल घेऊन दुकानातच. चांगला शांत माणूस. एक वडी तराजूत टाकली, वजन बराबर भरलं. मग लेबल वाचून त्यांनी काकांना विचारलं की हे गृहस्थ कुठे भेटतील. काका माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात आईच पुढं झाली.

‘‘साहेब, साबण माझा हाय. माझंच नाव हाय त्याच्यावर.’’

साहेबांनी ते नाव मोठ्यानं वाचलं. दुकानात दोन बाया उभ्या होत्या. आईनं पुन्हा वाचायला सांगितलं, त्यांनी पुन्हा वाचलं. मग ती माझ्याकडे वळली, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

खोटं नाव छापणं हा गुन्हा आहे, साहेब म्हणाले. काकांनी हात जोडले. पहिली वेळ म्हणून साहेबांनी आठ दिवसांत लेबलं बदलायला सांगितली आणि खरं नाव, पत्ता लिहून घ्यायला वही उघडली. आईनं ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, वस्तीच्या नावासकट. एका बाईनं हातातली वडी फळीवर ठेवली आणि ती निघून गेली. दुसरी बराच वेळ उभी राहिली, मग दोन वड्या घेतल्या. पैसे देताना तिनं आईकडे बघितलं नाही.

घरच्या दाराशी आल्यावर आई म्हणाली, ‘‘मला वाचता येत न्हाई म्हणून परक्यानं फसवलं असतं, तर समजलं असतं. तुला मी शाळंत कशासाठी घातल्तं?’’

माझी फी, वडिलांचे रिकामे महिने, गिऱ्हाइकांची भीती, सगळं तोंडाशी आलं होतं.

या वेळी प्रेसमध्ये ती वडिलांना घेऊन स्वतः गेली. लेबलं घेऊन आली तेव्हा मी वाचायला हात पुढं केला. तिनं एक लेबल पदराखाली घेतलं आणि दोन घरं टाकून एक म्हातारे गुरुजी राहायचे, त्यांच्या ओट्यावर गेली. मी आमच्या दारात उभी. गुरुजींनी तिचं नाव वाचलं, पत्ता वाचला, आणि तिनं ऐकून मान हलवली. मग घरी येऊन खळ शिजवायला बसली.

काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. बाकीच्यांवर आमचं भागलं, माझं कॉलेजही पुरं झालं. पुढं मला शिक्षिकेची नोकरी लागली. ऑर्डर आली त्या दिवशी मी ती आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकून घेतली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कागदाची नीट घडी घातली आणि गुरुजींकडे घेऊन गेली.