देवाचे पाय

बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. आमच्याकडे टीव्ही नव्हता. रविवारी ते शेजाऱ्यांच्या खिडकीबाहेर चपला काढून, हात जोडून पौराणिक मालिका बघायचे. अंगाला मासळीचा वास म्हणून आत जायला लाजायचे.

मी घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नसलं तरी सांगते. पहिल्या पगारात बाबांना टीव्ही घ्यायला कसालच्या बाजारात नेलं. दुकानातल्या झाडून सगळ्या टीव्हींवर त्याच कथेची नवी मालिका चालू होती. बाबांचं तोंड वाकडं झालं.

"हो देव खंयचो गो? व्यायामशाळेत जाता काय?"

"बाबा, नवीन आसा तो."

"आमच्या देवाचो बाण वाटेत सगळ्यांची इचारपूस करीत जाय. हेचो सुटलो कधी, लागलो कधी, कळाकच नाय! नको माका टीव्ही."

तेवढ्यात पडद्यावर देव पूर्ण उभा दिसला आणि लेकीचा, म्हणजे माझा, दंड धरून बाबा ओरडले, "चेडवा, देवाचे पाय दिसतत गो!"

शेजाऱ्यांच्या उंच खिडकीतून टीव्हीचा वरचा अर्धाच भाग दिसायचा; त्यांना कधी कमरेखालचा देव दिसलाच नव्हता. त्यांनी तिथेच चपला काढल्या आणि देवळात गावासमोर देवाला घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, माझा चेडू तुका घराक नेता हा, तां मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खं दुकान ओरडलं, मालकासकट. हसून हसून मला उभं राहवेना.

त्या संध्याकाळी आचऱ्याला आमच्या घरात आमचा स्वतःचा टीव्ही लागला.