नाना, मी आणि न पिकणारी किवी

आमच्या घरात तीन पिढ्या केळी पिकवायचा धंदा आहे, आणि मला एक किवी पिकवता आली नाही.

पावसाळा सरता सरता माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, डेंग्यू झाला. धुळ्यातल्या एका दवाखान्यात त्यांना दाखल केलं. प्लेटलेट रोज खाली चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "पाणी पाजत राहा, बाकी आम्ही बघतो." एवढ्यावर गप्प बसतील ते नातेवाईक कसले. जळगावच्या आत्याचा फोन आला, "किवी दे रे त्याला. आमच्या शेजारचा किवीवरच उठला." (शेजारचा तरणाबांड पैलवान होता, हे तिने नंतर सांगितलं.)

मी किव्या आणल्या. कापायला गेलो तर सुरी वाकली. केसाळ, खाकी, आणि जात वरवंट्याची. तरी मला घोर नव्हता. पिकवणं तर आमच्या रक्तात. गव्हाच्या कोठीत केळ्यांच्या जोडीला किव्या पुरल्या आणि निर्धास्त दवाखान्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यातली एक नानांच्या हातात दिली. ते तापाने ग्लानीत होते, डोळे मिटलेले. पण अंगठा आपोआप फळावर फिरला. जन्मभर केळी दाबून भाव ठरवणारा अंगठा तो.

"हाई दगड शे," म्हणाले आणि कुशीवर वळले.

मग रोज हेच. मी केळी वाढवली, सफरचंद घातलं, वरून गोधडी टाकली. कोठीतली केळी काळी पडली, घरभर चिलटं झाली, गहू वाया गेला. किव्या मात्र थंडगार.

"आज बी दगडच," नाना पुटपुटायचे. आवाज रोज थोडा बारीक होत होता.

समोरच्या खाटेवर पारोळ्याचे एक मास्तर होते, नानांच्याच वयाचे, डेंग्यूचेच. त्यांची मुलगी त्यांना चमच्याने किवी भरवायची. लोण्यासारखी मऊ. मी नजर चुकवून तिकडे बघायचो आणि (खोटं कशाला बोलू) जळायचो.

एका दुपारी आलो तर ती खाट रिकामी. चादरही बदललेली. मुलगी पिशवीत सामान भरत होती. तिने एक डबा माझ्यापुढे धरला.

"दादा, थोड्या उरल्यात. मऊ आहेत. तुमच्या नानांना द्या."

डबा घेताना मला तिच्याकडे बघवलं नाही. आई माझ्या कानाशी लागली, "गेलेल्या माणसाचं फळ तोंडाला लावू नको रे त्यांच्या."

तेवढ्यात नानांनी डोळे उघडले. "मास्तर गयात का?"

"दुसऱ्या वॉर्डात हलवलंय," मी म्हणालो.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग डबा जवळ ओढून त्यांनी एक किवी दाबली. अंगठा आत रुतला.

"हाई पिकेल शे," ते म्हणाले. "पोर चांगली शे ती. दे."

मी भरवली. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नानांनी सगळी खाल्ली, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं नाही.

पुढे प्लेटलेट चढल्या. त्या तशाही चढल्याच असत्या, असं डॉक्टर म्हणाले. किवीने ना कुणाला मारलं ना तारलं.

नाना घरी आले. जरा बसायला लागल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, तुन्ह्या किव्या का पिकन्यात नई?"

मी हवामानावर बोलायला लागलो. बायको दारातून हळूच म्हणाली, "नाना, हे दवाखान्यात गेले की मी त्या फ्रिजमध्ये ठेवत होते. महागाचं फळ, नासलं तर? आणि हे यायच्या आत परत कोठीत."

"परत कोठीत कशाला?" मी किंचाळलो.

"तुम्ही चिडला असता."

नानांनी केळी पिकवायच्या खोलीची किल्ली मागवली आणि माझ्यासमोर सुनेच्या हातात ठेवली.

"हिले निदान थंड ठेवता तरी येस," म्हणाले.