पोरीचा सर्व्हर, हिची म्हस

आमची ही गेल्यावर म्हशीची धार काढायला मी हिचं लुगडं नेसायचो. यात लाजण्यासारखं काही नाही. एका बाईच्या हाताची सवय लागलेली म्हस दुसऱ्याला पान्हा देत नाही. ती बाई माहेराला गेली तर घरातला गडी तिचं लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन म्हशीखाली बसतो. शिराळ्याच्या बाजूला कुणालाही विचारा. पण ते चार दिवसांचं काम असतं. बाई परत येते.

ही माधवनगरची, बाप गिरणीत. लग्न होऊन आली तेव्हा म्हशीला वैरण टाकतानाही भ्यायची. पुढं धार हिच्याशिवाय कुणाची नाही असं झालं. वैरण मी आणायची, शेण मी काढायचं, पण कासेला हात हिचाच. आणि धार काढताना तोंड चालू. भाजी काय केली, कुणाच्या घरी काय झालं, सगळं त्या जनावराला सांगायची. मला म्हणायची, "तुमी तोंडात मूग धरून बसा. म्हस तरी कान हलवती."

लुगडं हिचं रोजचं, हिरवं, काठ विरलेलं. बाकीची पोरीनं वाटून टाकली, हे मी दिलं नाही. त्याला हिचा वास होता, डोक्याच्या तेलाचा आणि चुलीच्या धुराचा. पण सकाळ-संध्याकाळ नेसून नेसून हिचा वास चालला होता आणि माझा घाम मुरत होता. लुगडं जपावं तर म्हस आटणार. म्हस जपावी तर लुगडं जाणार.

पोरगी साताऱ्याला दिलेली. आईच्या दिवसांना आली ती राहिली, कारण तिचं काम लॅपटॉपवर कुठूनही होतं. एक दिवस जेवताना म्हणाली, "आबा, म्हस विका आन् साताऱ्याला चला. हितं एकटं काय करताय?"

मी म्हणालो, "दूध देतीय तवर न्हाई. आटली की बघू."

बोलून बसलो. म्हणजे आता माझं घर म्हशीच्या कासेला टांगलं.

शेजारचा फौजेतनं आलेला गडी, माझ्याच वयाचा, एकदा कुंपणावरून म्हणाला, "काय वयनी, च्यापुरतं दूध मिळंल का?"

मी पदर सारखा केला. "आमचं मालक घरात न्हाईत. मागनं या."

तो लय हसला. मग हसता हसता तोंड फिरवून निघून गेला.

पोरीच्या कामाचं मला इतकंच कळतं. सर्व्हर म्हणजे पडदा नसलेले मोठे कॉम्प्युटर, कुठंतरी लांब एका इमारतीत ठेवलेले. त्यांना रोज एकेकाला काम सांगत बसायचं नाही म्हणून सगळी कामं ओळीनं एकदा लिहून ठेवायची. मग मशीन ते वाचून सगळ्यांवर तसंच करतं. त्या लिहिलेल्याला ती प्लेबुक म्हणते. तिच्याकडं आलेलं प्लेबुक एका नोकरी सोडून गेलेल्या माणसानं लिहिलेलं होतं. मारुतीच्या शेपटीएवढं. कुठली ओळ कामाची आणि कुठली उगाच, कुणाला ठाऊक नाही. पोरगी ते मोडकं सरळ करून बारकं करत होती.

"ज्यानं लिवलंय त्याला इचार की," मी म्हणालो.

"तो न्हाई ना आता, आबा."

मी वैरण टाकायला उठलो.

एका सकाळी लुगडं जपायचं म्हणून मी ते न नेसता धारेला बसलो. म्हशीनं लाथ मारली, बादली पालथी. पोरगी आवाजानं बाहेर आली. मला लागलं का ते आधी बघितलं, मग विचारलं, "लुगड्याशिवाय आज आणखी काय बदललं?"

"काय न्हाई."

"पेंड भिजवलेली?"

"संपली हुती. भुसा घातला."

"मंग दोन गोष्टी बदलल्या की. आता लाथ कशामुळं बसली हे कोण सांगणार? एका टायमाला एकच काढायचं, आबा. मी तिकडं तेच करतीय दिवसभर."

तिथून तिनं गोठ्यातच बसकण मांडली. उलट्या घमेल्यावर बसायची, मांडीवर लॅपटॉप. ही कास कोमट पाण्यानं धुवायची. आम्ही गार पाण्यानं धुतली. म्हशीला काही नाही. ही पितळेची चरवी घ्यायची. स्टीलची बादली लावली, तरी काही नाही. रेडकू आधी पाजायचं ते मात्र सोडून चालेना. पेंडही सोडून चालेना. शेवटी सगळं जिथल्या तिथं ठेवून फक्त लुगडं काढलं. म्हशीनं दूध चोरलं. तळ झाकेल एवढंसुद्धा निघालं नाही.

"झालं," मी म्हणालो. "लुगडं लागणारच." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी पोरगी दुपारी खुशीत दिसली. मी विचारलं तर सांगितलं. त्या प्लेबुकात एक जुनी फाईल जागेवर ठेवायची ओळ होती. ती फाईल कोणी वाचत नाही. पण ओळ काढली की पुढचं एक काम चालूच होईना. शोधता शोधता कळलं, ती फाईल ठेवली की तिच्या मागोमाग दुसरं काहीतरी आपोआप चालू व्हायचं. खरी गरज त्या दुसऱ्याची. फायलीचा नुसता धक्का लागायचा. तिनं ती ओळ काढली आणि दुसरं सरळ चालू कर म्हणून लिहिलं.

हे सांगता सांगता ती थांबली. माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "सांजच्याला लुगडं नेसा. मी लॅपटॉप घेत न्हाई, नुसती बसते."

संध्याकाळी धार झाली. बादली भरली. मी पदर सोडला तेव्हा ती म्हणाली, "आबा, लुगडं नेसल्यावर तुमी बोलता."

"कुणाशी?"

"आईशी. नळाला पाणी आलं न्हाई. शेजारच्यानं बांध कोरला. पोरीचा भात कच्चा ऱ्हातो." तिनं डोळे पुसले. "भाताचं मला सांगायचं हुतं. तिला कशाला?"

मला खरंच माहीत नव्हतं. लुगडं नसलं की मी दगडासारखा बसायचो, आणि म्हशीला हवा होता कुणाचातरी बोलण्याचा आवाज. लुगडं मला बोलतं करत होतं, एवढंच त्याचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडी घालून बसलो. पोरगी मुद्दाम आली नाही. रेडकू पाजलं, पेंड ठेवली, सडांना हात लावला. तोंडातून शब्द फुटेना. लुगड्याशिवाय कुणाला सांगायचं? म्हस मान वळवून बघायला लागली. मागचा पाय उचलला, टेकवला. आता लाथ येणार.

"लुगडं पेटीत ठिवलंय," मी म्हणालो. "पोरीनं घडी घातली. डांबराची गोळी टाकू दिली न्हाई मी, वास जाईल म्हणून. पाऊस बरा हाय. आन् मी साताऱ्याला जात न्हाई, आधीच सांगतो."

सड फुगले. धार बादलीच्या तळावर वाजली.

पोरगी पुढच्या आठवड्यात गेली. म्हस विकायचं बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "बोलत ऱ्हावा, आबा."

बोलतो. दोन्ही वेळेला, बादली भरेपर्यंत. जन्मभर हिनं बोलायचं आणि मी ऐकायचं, असं होतं. आता उलटं झालं, आणि उत्तर येत नाही. पेटी मी उघडत नाही. उघडली की वास जातो.